भाऊ, वावरात ग्लास कोण वाजवून रायलं?

वाचक विचारतात : गाण्याबजावण्याचं पान

मागच्या अंकात या पानाच्या तळाशी थोडी जागा उरली होती म्हणून मी सात-आठ ओळी लिहून टाकल्या, की सध्या रात्री झोपताना 'वॉल्ट्झ फॉर डेबी' नावाचा एक जॅझचा अल्बम ऐकतो, बिल एव्हान्सचा पियानो, स्कॉट लाफारोचा बेस, पॉल मोशियनचे ड्रम, तिघंच जण, २५ जून १९६१ चा रविवार, न्यूयॉर्कमधला 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचा तळघरातला क्लब, आणि इतकं हळू वाजवतात की घरातलं कोणी उठत नाही. एवढंच. मला वाटलं कोण वाचतं बाप्पा, लोकं सोयाबीनचा भाव पाहून अंक बाजूला ठेवतात. तर पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, एक जण बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन थेट घरीच आला आणि चहा होईपर्यंत बेस या विषयावर बोलला. सगळं छापता येत नाही. थोडं कापलं आहे, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

*

प्रश्न : भाऊ, तुम्ही लिहिलं म्हून मी तो अल्बम डाउनलोड केला. या आठवड्यात आमच्या फिडरची लाईन रातच्या बाराले येते, चन्याले तुषारनं पाणी देऊन रायलो, पाइप बदलेपर्यंत बसून राहा लागते. एका कानात इअरफोन, दुसरा कान मोटरीकडं. पियानो मस्त चालू होता अन् मधातच ग्लास वाजल्यासारखा आवाज आला, मंग कोणीतरी हसलं. मी टॉर्च घेऊन धुऱ्यापर्यंत जाऊन आलो. कोणीच नाई. मंग समजलं का हे गाण्यातच हाय. एवढं मोठं रेकॉर्डिंग, तं हे आवाज काढून कायले नाई टाकले? – एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर : दादा, तुम्ही टॉर्च घेऊन धुऱ्यापर्यंत गेले म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनवाल्यानं काम चोख केलं होतं असंच म्हणावं लागेल. खरं तर मी म्हटलं असतं दोन्ही कानात लावा, हे स्टिरिओ रेकॉर्डिंग आहे, एकाच कानात लावलं तर अर्धा कार्यक्रम शेजाऱ्याच्या वावरात जातो. पण रात्रीचं ओलित, रानडुक्कर, साप, हे पाहता तुम्ही एक कान मोकळा ठेवता तेच बरोबर आहे, दोन कानांनी घरी आल्यावर ऐका.

आता ग्लासाचं. व्हॅनगार्ड म्हणजे स्टुडिओ नव्हे, चालता क्लब. पायऱ्या उतरून खाली जायचं, छोटीशी जागा, टेबलं दाटीवाटीनं, लोकं येणार, पिणार, बोलणार, वेटर ये-जा करणार. या तिघांचा तिथं दोन आठवडे कार्यक्रम चालू होता आणि शेवटच्या दिवशी, रविवारी, रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ओरिन कीपन्यूज रेकॉर्डिंगचं सामान घेऊन आला. दुपारी दोन आणि संध्याकाळपासून तीन असे पाच सेट, म्हणजे पाच बैठका, वाजले, सगळे टेपवर गेले. पियानोचा सूर, ग्लास, हसणं, खुर्ची सरकणं, सगळं एकदमच. आजच्यासारखं एकेक वाद्य वेगळं काढून पुसायची सोय नव्हती. म्हणजे पहिलं उत्तर हेच की काढता येत नव्हतं.

दुसरं उत्तर माझ्या दुकानातलं. मी पंधरा वर्षं तालुक्याला कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलं. एकदा एका गावच्या मंडळानं काकडआरतीची कॅसेट आणली, दहा कॉप्या पाहिजे म्हणाले. त्यात एक कुत्रं सारखं भुंकत होतं, कोणी मधातच 'अरे चहा ठेव' म्हणत होतं. मी मोठ्या हुशारीनं रात्री बसून तेवढं तेवढं कापलं आणि साफ करून दिलं. तिसऱ्या दिवशी ते लोक परत. म्हणे हे आमचं रेकॉर्डिंगच नाही, तुम्ही दुसऱ्या कोणत्या गावचं भरून दिलं. मी म्हटलं अहो तुमचेच आवाज आहेत. म्हणे आमचंच असतं तर कुत्रं कुठं गेलं? पैसे नाही दिले.

आणि एक, नीट ऐकलं तर जाणवतं की त्या दिवशी टाळ्या काही खूप नाहीत. काही लोकं आपल्या गप्पातच आहेत. जगभरातले लोक ज्या वाजवण्याला साठ वर्षांहून जास्त काळ डोक्यावर घेऊन राहिले, ते वाजत असताना समोरच्या टेबलावरचा माणूस बहुतेक बिलाचा विचार करत होता. आपल्याकडंही सप्त्यात कीर्तनकार ऐन रंगात येतो आणि मागं पंगतीच्या पत्रावळ्या मोजणं चालूच राहते ना, तसंच.

*

प्रश्न : यात गाणारी बाई कधी येते? दोन गाणे ऐकले अजून आली नाही. – मूर्तिजापूर

उत्तर : येत नाही.

*

प्रश्न : मी भजनी मंडळात तबला वाजवतो, कधी कधी खंजिरी. डेबीवालं गाणं लावलं अन् मांडीवर दादरा धरला, धा धिं ना धा तिं ना, बरोबर बसला. थोड्या वेळानं पाहतो तं मी बाहेर. परत लावलं, परत बाहेर. तीनदा झालं. बायको म्हणते मोबाइलशी भांडून रायले का. त्याहीचं चुकते का माझं? – तिवसा तालुका

उत्तर : कोणाचंच चुकत नाही, आणि या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे म्हणून थोडं लांब लिहितो, बाकीच्यांनी राग मानू नये.

वॉल्ट्झ म्हणजेच तिनाचा ठेका. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनची जोडी, म्हणून तुमचा हात आपोआप बसला. हे लोक मुखडा तिनात वाजवतात, तो मुखडा लहान पोरीच्या चालीसारखा आहे, डेबी ही एव्हान्सची पुतणी, तिच्यासाठी त्यानं ही धून बांधली होती आणि १९५६ मध्ये आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर एकट्यानं वाजवली होती. तर मुखडा संपला, आता मोकळं वाजवायचं म्हटलं की तिघंही चारात जातात. म्हणजे दादऱ्यातून केरव्यात गेल्यासारखं समजा. तिहाई नाही, मान हलवणं ऐकू येत नाही, कोणी 'हं' म्हणत नाही, नुसतं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळावं तसं वळते. तुम्ही तिथून पुढं चार मोजा, बाहेर जाणार नाही.

आता तुमच्या पत्रात शेवटी तुम्ही लिहिलं की यात साथ कोण करते ते समजत नाही. तिथंच तर सगळी मजा आहे. पेटीवर तीन-चार पट्ट्या एकदम दाबल्या की जो भरलेला आवाज येतो त्याला ते कॉर्ड म्हणतात. आपल्याकडं सा एकदा धरला की सूरपेटी रात्रभर तोच सांगत राहते. जॅझमध्ये पायाखालची जमीनच बदलत राहते, हा कॉर्ड, मग तो, मग तो, आणि ठरलेल्या मात्रांनी परत पहिल्या जागेवर, ते त्यांचं आवर्तन. अशा वेळी ऐकणाऱ्याला कुठं आहो ते कळावं म्हणून प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर, म्हणजे त्या जागेपुरता सा म्हणा, कोणीतरी वाजवला पाहिजे. एव्हान्स डाव्या हातात तो बरेचदा सोडून देतो, कारण ते बेसवाल्याचं काम. आणि बेसवाल्याची रीत काय, तर चारही मात्रांवर ढुम ढुम ढुम ढुम, बंडीच्या बैलासारखं एका चालीनं चालत राहायचं. लाफारो तेही करत नाही! तो मधातच वर चढतो, पियानोनं एक वाक्य म्हटलं की त्याला उत्तर देतो, कधी पियानोच्या आधीच बोलून जातो, कधी दोन-दोन मात्रा गप्प. ड्रमवाला मोशियन तारांच्या ब्रशनं चामड्यावर नुसतं घासते, सूप पाखडल्यासारखा आवाज, त्यातून कधी एखादा ठोका. म्हणजे सा कोणीच धरून बसलेलं नाही आणि तरी तो आपल्याला ऐकू येतो, कारण तिघांनाही तो माहीत आहे आणि तिघंही त्याच्या भोवतीच फिरून राहिले. मला हे कळायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं हे लोक अजून सूरच लावून राहिले, गाणं सुरू व्हायचं आहे, आणि तेवढ्यात साइड संपली.

तुम्ही खंजिरीवाले आहा म्हणून सांगतो. तुमच्याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला ते साल १९३५. आणि हा व्हॅनगार्ड क्लब न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या त्या तळघरात सुरू झाला तेही १९३५. याचा एकमेकाशी काडीचा संबंध नाही, मला नुसतं आवडलं म्हणून लिहिलं. पण तुम्हाला ठाऊक आहे ना, खंजिरीवाला दोन प्रकारचा असतो, एक मात्रा मोजणारा आणि एक म्हणणाऱ्याच्या श्वासाकडं कान ठेवणारा. लाफारो दुसरा.

*

प्रश्न : सर, बेस बेस म्हणून तुम्ही एवढं लिहिलं, मला तर बेस ऐकूच येत नाही. मोबाइलचा आवाज फुल आहे. डेटा पण किती जाईल ते सांगा. – दर्यापूर

उत्तर : मोबाइलच्या स्पीकरमध्ये तो येणारच नाही, आवाज कितीही वाढवा. उभ्या बेसची सगळ्यात जाडी तार साधारण ४१ हर्ट्झची, आणि मोबाइलचा स्पीकर बोराएवढा, तो एवढी खालची हवा हलवूच शकत नाही. साधे वायरचे इअरफोन लावा, दीडशे रुपयेवाले चालतात. डेटा म्हणाल तर अल्बम पाऊण तासाच्या आतला आहे, मध्यम क्वालिटीत ३५-४० एमबी. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहता पाहता होऊन जाते.

*

प्रश्न : आपल्या पानावर आजवर दंडार, खडी गंमत, भुलाबाईची गाणी यांवर वाचत आलो. आता हे जॅझ कशासाठी? इकडे कापसाला भाव नाही आणि आपण अमेरिकेतील मद्यालयात वाजलेले संगीत वाचकांना सांगता. हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. – एक निवृत्त शिक्षक, खामगाव तालुका

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा रागानं आणि एकदा नीट. कापसाच्या भावाचं तुमचं खरं आहे, त्याचं उत्तर या पानावर नाही आणि दुसऱ्या कोणत्या पानावर असेल तर मला दिसलं नाही.

पण तुम्ही कापसाचं नाव काढलं आणि तेही खामगावातून, म्हणून सांगतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत आपसात लढाई झाली. तोवर इंग्लंडच्या लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालायच्या, आणि तो कापूस वेचायचे आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणि त्यांची पोरंबाळं. लढाईनं तो कापूस बंद पडला. गिरण्यावाल्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांना आपला वऱ्हाड दिसला. भाव चढला, पऱ्हाटीखालचं रान वाढलं, १८७० मध्ये तर नुसत्या कापसासाठी तुमच्या खामगावला रेल्वेचा फाटा आला. म्हणजे तिकडच्या काळ्या मजुराच्या ओटीतला कापूस थांबला आणि इकडच्या आमच्या आजी-पणजीच्या ओटीत वाढला, असं हे नातं आहे. तिकडं त्या वावरात राबता राबता लोकं जी गाणी म्हणायचे, एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, त्यातूनच पुढं ब्लूज आलं, आणि ब्लूज, चर्चची गाणी, लग्न-मयताचे बँड हे सगळं न्यू ऑर्लिन्स शहरात एकत्र होऊन जॅझ झालं. चोचले करणाऱ्यांनी ते केलं नाही हो गुरुजी. आपल्याकडंही वेचणीला बाया गाणी म्हणायच्या, आता ओटीत कापूस आणि कंबरेला मोबाइल असते, ती वेगळी तक्रार.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची पण लिहितो. या अल्बमवरचे तिघंही गोरे आहेत, आणि १९६१ च्या त्या रविवारी तळघरात बसलेल्यांच्या खिशात तिकिटाचे पैसे होते. जॅझ तोवर वावरातून बरंच लांब आलं होतं. एव्हान्स त्याआधी, १९५८ मध्ये, माइल्स डेव्हिस या काळ्या ट्रम्पेटवाल्याच्या बँडमध्ये होता, १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'वर एक गाणं सोडलं तर पियानो त्याचाच. तिथं शिकलेला संयम इथं दिसते. बाकी खडी गंमतवर पुढच्या अंकात आहेच, ते आधीच ठरलं होतं, तुमच्या पत्रामुळं नाही.

*

प्रश्न : रात्री लावलं की पहिल्याच गाण्यात झोप लागते. हे चुकीचं आहे का? – वाशीम

उत्तर : पहिलं गाणं 'माय फूलिश हार्ट', ते आहेच तसं, मोशियनचा ब्रश म्हणजे पावसाची भुरभुर. झोपा खुशाल. पण एखाद्या रविवारी दुपारी जेवणाआधी लावून पहा, जेवल्यावर नको.

*

प्रश्न : मी डाकखात्यात होतो. सन साठ-पासष्टच्या सुमारास माझ्याजवळ एक ट्रान्झिस्टर होता, शॉर्टवेव्हवर रात्री एक अमेरिकन माणूस एकदम सावकाश इंग्रजी बोलायचा आणि असंच वाजवणं लावायचा. आवाज येई-जाई. इंग्रजी फारसं येत नसूनही त्याचं कळायचं. तुमचं वाचून ते आठवलं. तो कोण? आणि या अल्बमची तबकडी मिळेल का? – कारंजा

उत्तर : काकाजी, तो विलिस कोनोव्हर. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर १९५५ पासून त्याचा जॅझचा कार्यक्रम लागायचा, सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ए ट्रेनवाली धून. सावकाश बोलायचा ते मुद्दाम, ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा लोकांसाठीच. तबकडी अजूनही नवीन छापून येते, पण किंमत ऐकून तुमची पेन्शन हादरेल. तुम्ही लिहिलं की तो ट्रान्झिस्टर अजून माळ्यावर आहे, तो विकू मात्र नका.

*

प्रश्न : दादा, मी बी.एस्सी. सेकंड इयरला आहे, होस्टेलवर राहते. तुमचं वाचून ऐकलं आणि मग सर्च केलं तर तो बेसवाला स्कॉट लाफारो या रेकॉर्डिंगनंतर लगेच गेला असं दिसलं, तेव्हापासून मला ते ऐकवतच नाही, प्रत्येक सुरात तेच वाटतं. तुम्ही ते लिहिलं का नाही? – पुसद

उत्तर : याच भीतीनं नाही लिहिलं ताई. आता तुला कळलंच आहे तर पूर्ण सांगतो.

६ जुलै १९६१, न्यूयॉर्क राज्यातच, मोटारीचा अपघात. रेकॉर्डिंगनंतर अकराव्या दिवशी. वय २५. आधी तो क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा, बेस हातात घेतला अठराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे जेमतेम सात वर्षं. एवढ्यात त्यानं बेस कसा वाजवायचा हेच बदलून टाकलं. त्याचा बेस १८२५ च्या आसपास बनलेला, अमेरिकेतल्याच अब्राहम प्रेस्कॉट नावाच्या कारागिराचा, तोही गाडीतच होता, मोडला, पण पुढं कित्येक वर्षांनी कारागिरांनी तो जोडून परत वाजता केला.

एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही. त्या रविवारच्या टेपातून पहिली रेकॉर्ड निघाली 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', ती निवडतानाच लाफारो जिथं जास्त पुढं आहे ती वाजवणी घेतली, सुरुवातीची धून त्याची आणि शेवटची पण त्याचीच. मग त्याच दिवसाच्या उरलेल्यातून 'वॉल्ट्झ फॉर डेबी' झाली. उरलेल्यातून! आपल्याकडं मोसंबी-संत्र्याचा पहिला नंबर माल बाहेर जातो आणि दुसरा नंबर आपण खातो, तर हा दुसरा नंबर इतका गोड.

पण माझं ऐकशील तर त्यात मरण शोधू नको. त्या दिवशी तिघांपैकी कोणालाच काही माहीत नव्हतं. कामाचा शेवटचा दिवस, पाच सेट वाजवायचे, उकाडा, सिगारेटचा धूर, रात्री सामान आवरायचं. तू 'माय रोमान्स' लाव आणि नुसता बेस धर, तो पोरगा मजेत आहे, खोड्या काढून राहिला. शेवटच्या 'माइलस्टोन्स'मध्ये तर त्याला बोलायला भरपूर जागा दिली आहे आणि तो सगळी वापरतो. रडायचं असेल तर एव्हान्ससाठी रड, तो पुढं १९८० पर्यंत जगला, ५१ वर्षांचा होऊन गेला, नशेनं शरीर पोखरलं होतं. पण ते वाजवण्यातून कळू देत नाही तो.

*

प्रश्न : मी शिवणकाम करते. मशीन चालू असली की काही ऐकू येत नाही, म्हणून तुरपाई, काजबटन करताना लावते. मला 'सम अदर टाइम' आवडलं पण मुलगा म्हणतो आई यात काही होतच नाही. खरंच काही होत नाही, पण बंद करावंसं पण वाटत नाही. असं का? – वरुड

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचं बरोबर आणि तुमचं जास्त बरोबर. सुरुवातीला एव्हान्सचा डावा हात फक्त दोन कॉर्डमध्ये झुलतो, इकडं, तिकडं, इकडं, तिकडं. पाळण्याची दोरी. मूळ चाल लिओनार्ड बर्नस्टाइनची, १९४४ च्या एका नाटकातली, एका दिवसापुरती भेटलेली माणसं निरोप घेताना म्हणतात तशी, की राहिलेलं परत कधीतरी. एव्हान्सला त्या झुलण्याचा नाद लागला होता. १९५८ मध्ये हेच झुलणं घेऊन तो एकटाच 'पीस पीस' म्हणून काहीतरी वाजवत गेला, सहा मिनिटांहून जास्त, डावा हात हललाच नाही. पुढच्या वर्षी 'काइंड ऑफ ब्लू'च्या शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला परत तेच. आणि या रविवारी तो मूळ गाण्याकडं परत आला. तुम्ही जशी तुरपाई करता, वरून टाका दिसत नाही पण पदर सुटत नाही, तसं काहीतरी यात आहे, मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

मुलाला 'काइंड ऑफ ब्लू' लावून द्या. त्यात ट्रम्पेट आहे, पोरांना ट्रम्पेट लवकर पटते. नाहीच पटलं तर १९५१ च्या 'अलबेला'तली सी. रामचंद्रांची गाणी लावा, त्यात चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याचा हात आहे, मुंबईत जॅझ वाजवणारा माणूस होता तो. मग हळूच सांगा की हे जॅझचंच चुलत भावंड.

*

प्रश्न : आम्ही झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन अन् तबल्यावर बसतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज रात्री नाटक, सकाळी घरी. तुमचं पान आमच्या गाडीत मोठ्यानं वाचलं गेलं. आता सिझन संपला की आम्ही सात-आठ जण गावच्या सभामंडपात बसून हा अल्बम सगळ्यांनी मिळून ऐकू म्हणतो. मंडपाचा माइक-सेट आहे. कसं करावं ते सांगा. – वडसा

उत्तर : वा! आधी तो भोंगा बंद करा. भोंग्यावर बेस मेला, ब्रश मेला, उरला फक्त वरचा पियानो तोही टिनाच्या डब्यातला, आणि गावाला वाटेल कोणी नवीन काहीतरी विकायला आलं. डीजेवाल्याचे टॉप पण नको. कोणाच्या घरी जुना लाकडी खोक्याचा स्पीकर असेल तो आणा, नसेल तर बऱ्यापैकी ब्लूटूथवाला एक, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, कोपऱ्यात बेस जरा भरतो. आवाज एवढाच की शेजारी बसलेल्याशी हळू बोललं तर ऐकू यावं.

पहिलं गाणं कोणी काही बोलू नका. दुसऱ्यात तबलेवाल्यांनी तिनातून चारात कुठं गेले ते पकडा, पैज लावा पाहिजे तर. तिसऱ्यात सगळ्यांनी फक्त बेस. ऑर्गनवाल्यांनी एव्हान्सचा डावा हात ऐका, मूळ सूर किती वेळा खाल्ला ते मोजा, तुम्हाला सवय आहे नाटकात नटानं सूर सोडला की सावरून घ्यायची, तुम्हाला ते माझ्याहून लवकर कळेल. चहा मात्र चालू ठेवा, कप वाजू द्या, कोणाची पोरं मधातून धावली तर धावू द्या.

आणि लाईन गेली तर घाबरू नका. त्या दिवशी पहिल्याच सेटमध्ये लाफारोची 'ग्लोरियाज स्टेप' वाजत असताना तिथंही रेकॉर्डिंगची लाईन गेली होती, मधातच आवाज तुटतो, २००५ मध्ये त्या रविवारचं सगळं रेकॉर्डिंग एकत्र निघालं त्यात ते तुटलेलं तसंच ठेवलं आहे. न्यूयॉर्कात! मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून मीटर पाहून आलो.

बैठक झाली की कळवा, कोण किती वाजता उठून गेलं आणि कोण झोपलं ते नावानिशी कळवा, नावं छापणार नाही.